बाबांची मोटारसायकल आणि माझी नडगी

ती. ताईस,

एका पायावर उभं राहून नमस्कार. (दुसरा पाय सध्या उशीवर असतो.) तुझा रक्तदाब, भावोजींचा खोकला आणि तुमच्या मांजरीचा रुसवा, तिन्ही एव्हाना उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत. सगळे म्हणजे मी सोडून.

पत्रास कारण, मी बाबांची मोटारसायकल चालू करायला घेतली आहे. बाबा गेल्यापासून अकरा वर्षं ती जिन्याखाली चादर पांघरून उभी होती आणि मी तिच्या हँडलला भाजीची पिशवी अडकवत होतो. निवृत्त झालो आणि पहिल्याच सोमवारी चादर काढली. मिस्त्रीने प्लग, तेल, टायर सगळं नवं घातलं, एक किक मारली, गाडी धडधडली. त्याने ती बंद केली आणि म्हणाला, "आता तुम्ही मारा." मी मारली. मारतच राहिलो. त्याचा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी माझं चालूच. शेवटी तो म्हणाला, "काका, गाडीत काहीच दोष नाही," आणि पुढचं वाक्य त्याने सभ्यपणे गिळलं.

तिसऱ्या दिवशी किकने उलटा दणका दिला. नडगीवर बसला, आणि मी शेजारच्या निवृत्त हेडमास्तरीणबाईंच्या वाळत घातलेल्या पलंगपोसात जाऊन गुंडाळला गेलो. बाई धावत आल्या. त्यांनी आधी पलंगपोस तपासला, मग मला.

मग पडल्या पडल्या सगळं आठवत राहिलं. बाबा मनोऱ्यांवरची मोठी घड्याळं दुरुस्त करत गावोगाव हिंडायचे. त्यांचा गुडघा दुखावला आणि किकचं काम तुझ्याकडे आलं. तू सोळाची, वजनाने जेमतेम गाडीच्या चाकाएवढी. बोटाला पेट्रोल लागेपर्यंत कार्ब्युरेटरची घुंडी दाबायचीस, मग किक हळूहळू दाबत ती कुठे अडते ते तळपायाने चाचपायचीस, आणि मग एकच लांब किक. बाबा मागून म्हणायचे, "घाई नको. तिला श्वास घेऊ दे." गाडी बोलू लागली की ते खिशातलं घड्याळ काढून उगीचच वेळ बघायचे. तुझं कौतुक लपवायला त्यांना तेवढं पुरायचं. मी भिंतीवर बसून हे पाहायचो आणि शाळेत सांगायचो की किक मीच मारतो.

आणि ताई, काल सकाळी गाडी पहिल्याच किकला चालू झाली! तोच ठोका, तोच वास, टाकीवर हात ठेवला तर तीच थरथर. हेडमास्तरीणबाईंनी गच्चीतून टाळ्या वाजवल्या. क्षणभर वाटलं, आता बाबा येऊन रुमालाने सीट झटकतील. डोळ्यांत पाणी आलं. (घरात मी धुराचं कारण सांगितलं आहे.)

तुझा,
धाकटा

ता. क. किक मी मारली नाही. हिने मारली. बाह्या सरसावत आली, "व्हा बाजूला" म्हणाली आणि मारली. विचारलं तर म्हणते, "ताईंनी शिकवलं, लग्न झालं त्या वर्षी." म्हणजे दर शनिवारी तुम्ही दोघी शिंपिणीकडे जात होता ते हे! शिवलेलं काही कधी घरात आलं नाही, हे मला सदतीस वर्षांत सुचू नये? आणि बाबांना सगळं ठाऊक होतं म्हणे.

ता. क. २. गाडीचं पुस्तक अजून बाबांच्याच नावावर आहे. ते गेले तेव्हा मी मुलगा म्हणून गाडी ठेवून घेतली. तू काही बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आता ती तुझ्या नावावर करायची आहे आणि कचेरीतल्या बाईंना तुझी सही समक्ष हवी आहे. दोन दिवस काढून ये. तू चालव, मी मागे बसेन.

ता. क. ३. पत्र हिने वाचलं. म्हणते, मागे तीच बसणार. जागा एकच आहे, आणि माझं इथे काही चालत नाही. तेव्हा निदान चौकापर्यंत तरी माझी बाजू घे.