आर्विड लुंडक्विस्टांची जर्सी

प्रिय बाबा,

मी ठीक आहे. खोलीतला हीटर नीट चालतो आणि घरमालकीण हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाट्याचा ओव्हनमध्ये भाजलेला इथला पदार्थ, आग्रहाने वाढते. तुम्ही गुडघा डॉक्टरांना दाखवलात का?

इथल्या शाळेच्या जिमची भिंत बाहेर कलली आहे. जिम पाडून नवी बांधायची, तर कर्जरोखे काढून ते घर-जमिनीवरच्या करातून फेडावे लागतात. गावाने दोनदा विरोधात मत दिलं होतं. याच जिममध्ये तयार झालेल्या संघाने पूर्वी बास्केटबॉलचं राज्य अजिंक्यपद आणलं होतं.

तिसऱ्या मतदानाआधी जिममध्येच सभा झाली, तिथे भिंत तपासणारी इंजिनिअर म्हणून मी मोजमापं सांगितली.

"पोरी, भिंत पडणारच का?" एकाने विचारलं.

"कधी, ते सांगता येत नाही. मी तिच्याखाली बसणार नाही."

मग त्या संघाचे म्हातारे कर्णधार आर्विड लुंडक्विस्ट उठले. विरोधकांत तेच पुढे होते.

"आर्विड, दोनच मिनिटं हं!" सभेचे अध्यक्ष म्हणाले; तेही त्याच संघातले.

"तुझा बचाव तेवढाही टिकायचा नाही, रॉस!"

सगळे हसले. त्यांनी शिडी मागवली, भिंतीवरची आपली चौकटीतली जर्सी उतरवली आणि काखोटीला मारली.

"आता इथे माझं काही उरलं नाही. पोरं तेवढी आहेत."

काल ठराव मंजूर झाला. आर्विडांची जमीन गावात सर्वांत मोठी, म्हणजे कराचा भारही त्यांच्यावरच जास्त. असा माणूस मी पाहिला नव्हता.

आपल्याकडेही नोव्हेंबरमध्ये शाळेसाठी मतदान आहे. तुम्ही दर वेळी विरोधात मत देता, ते मला ठाऊक आहे. मी काही सांगत नाही. फक्त त्याआधी एकदा शाळेत जाऊन छताकडे बघून या.

शिडीवर मात्र चढू नका.

तुमची,
कॅरिन