दुसऱ्याच दिवशी सुट्टी

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता मला तुमचा हेवा वाटायला लागलाय. गेल्या आठवड्यात माझ्याही हृदयात स्प्रिंग टाकली, धुळ्याच्या त्याच दवाखान्यात, जिथं तुम्ही स्प्रिंग टाकून कितीतरी दिवस पडून होतात.

तुमच्या वेळी जांघेतून नळी घातलेली, पाय हलवायचा नाही. मग कधी मोठ्या डॉक्टरांची सही राहिली, कधी इको राहिला, कधी रविवार आला. पण तेवढ्यात अख्खा डोंगर तुम्हाला बघून गेला. मोलगीच्या रस्त्यावर जन्मभर जीप चालवलीत ना! बायका आमचूर घेऊन येतायत, म्हातारे खाटेभोवती उकिडवे बसलेत, वॉचमन ओरडतोय, आणि तुम्ही उशीला टेकून विचारताय, "कोनी गाडीमा उनात रे?" मी तेव्हाच ठरवलं, आपणही एवढी माणसं कमवायची. मोटारपंपाचं दुकान उभं केलं ते त्याच ईर्षेनं.

माझ्या वेळी नळी मनगटातून. संध्याकाळीच सिस्टरनं व्हरांड्यात चालवलं, माझ्या मुलीला बसवून औषधं समजावली. सकाळी उठल्याउठल्या इको. माझे कान किती तिखट ते तुम्हाला माहीतच आहे, पडद्यापलीकडं सिस्टर नव्या नर्सला सांगत होती, "पेशंट बरा व्हायचा आणि आपल्या कागदांची वाट बघत पडून राहायचा. कुठं कुठं अडतं ते आम्ही सगळ्यांनी बसून शोधलं, एकेक सोडवलं." धंदेवाला माणूस मी, मनात शाबासकी दिली. आणि लगेच जीव खट्टू झाला. म्हणजे आजच घरी?

तसंच झालं. म्हसावदहून भाऊबंद जीप भरून धुळ्याला पोचले तेव्हा मी तळोद्यात घरच्या ओट्यावर बसलेलो. माझ्या खाटेवर शिरपूरकडचा कुणी नवा पेशंट. आणलेली पपई परत कोण नेणार? त्यालाच खाऊ घातली, दुपारभर त्याच्यापाशी बसले. परतताना माझ्याकडं थांबले तर काकू मलाच सांगते, "भला मानूस शे रे भाऊ, आम्हले देखीसन रडना बिचारा."

"अन् मी?"

"तुले काय व्हयनं? तू ते चहा पी ऱ्हायना!"

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहू दे इथंच. फक्त एक सांगतो. सुट्टीच्या सकाळी सिस्टरनं विचारलं, "काका, काही त्रास?" मी छातीवर हात ठेवून म्हणालो, थोडं दुखतंय. काहीच दुखत नव्हतं. तिनं लगेच ईसीजी काढला, नीट पाहिला, मग हळूच म्हणाली, "काका, कोणी यायचं राहिलंय का?"

मी नाही म्हणालो आणि शर्टाची बटणं लावू लागलो.