आपल्या चाळीचं आखात

प्रिय शुभा,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर टाकलंत का, म्हणून आईने दोनदा विचारलं. टाकतो म्हणालो नि पेपरात तोंड खुपसलं. खरं सांगू, तुला लिहायची लाज वाटत होती. तू समुद्राच्या गोष्टी एवढ्या मायेने समजावून लिहितेस आणि तुझ्या बापाने त्यांची काय वाट लावली ते ऐकलंस तर तुलाही माझी लाज वाटेल. वाटू दे.

दिवाळीतलं पत्र आठव. ध्रुवाच्या एवढ्या जवळ असूनही नॉर्वेची बंदरं गोठत का नाहीत, ते तू लिहिलं होतंस. दक्षिणेकडचं कोमट, खारं पाणी तिथवर वाहत येतं, अंगातली ऊब वाऱ्याला देऊन टाकतं, मग गार नि जड होऊन खाली बुडतं आणि तळातून परत दक्षिणेला जातं. समोर ग्रीनलंडच्या किनाऱ्याने मात्र ध्रुवाचं गार पाणी उतरतं, म्हणून तिकडे नुसता बर्फ. हे सगळं मी चाळीच्या गॅलरीत उभा राहून मोठ्याने वाचून दाखवलं. भांडुपच्या आमच्या चाळीत दुसऱ्या कुणाची मुलगी नॉर्वेत समुद्र शिकते? वाचून गप्प बसलो असतो तर ठीक होतं, पण स्वभावाला औषध नाही. तू त्या पाण्याला आखाती प्रवाह म्हटलं होतंस. आता आखात म्हटलं की आपल्याकडे एकच, दुबई-मस्कतचं. अर्ध्या चाळीची पोरं तिथे, टेपरेकॉर्डर तिथून, सोन्याच्या बांगड्या तिथून. मी छाती फुगवून सांगितलं, आपल्या पोरांच्या आखातातलं पाणी थेट आमच्या शुभाच्या दारात जातं.

प्रेमामावशी दारात तांदूळ निवडत ऐकत होती. तिच्या लवूचं तुला तेव्हाच कळवलं होतं. गिरणी बंद पडून वडील खचले, म्हणून हा पोरगा तेलाच्या जहाजावर खलाशी झाला. श्रावणात आखाताकाठच्या दोन देशांच्या मारामारीत त्याच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं. बाकीचे होडीत चढले, लवू सापडला नाही. कंपनीची तार मीच वाचून दाखवली होती. तेव्हापासून ती बाई बोलायचीच बंद झाली होती. त्या दिवशी सगळे पांगल्यावर मात्र ती आपण होऊन आली आणि हळूच विचारलं, त्या पाण्यात काही पडलं तर तेही शुभाकडे जातं काय.

ती काय विचारत होती ते मला कळलं होतं गं. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? तरी हो म्हणालो. हो म्हटल्याबरोबर तिच्या चेहऱ्यावर एवढं तेज आलं की पुढचं मीच रंगवत गेलो. शुभा बोटीतून समुद्रावर जाते, पाणी तपासते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. मावशी रात्री जेवली म्हणून तिची शेजारीण सांगत आली, तेव्हा मला वाटलं, मी पुण्यच केलं.

मग तिचा दीर दत्ताराम गावाहून आला. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा, क्रिया करावी, पोराला मोकळं करावं, असं भटजींनी सांगितलं होतं. सगळी तयारी झाली आणि ही उठून उभी राहिली. म्हणाली, "माझो झील काय गवताचो होतो? शुभा धाडतली सांगावो." दत्ताराम हात जोडून विनवत होता, पण ती ऐकेना. शेवटी तो रडत गावी गेला. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. मी कोपऱ्यात उभा होतो. मान वर करायची हिंमत झाली नाही.

पार्ल्याहून जगाचा नकाशा आणला. म्हटलं, तिला वाट नीट दाखवू, म्हणजे निदान आपलं बोलणं खरं ठरेल. बघ माझी खोड. जमिनीवर पसरून मस्कतवर बोट ठेवलं तर तिथून वर जायला वाटच नाही. तुझ्या प्रवाहाचा बाण पार तिकडे, अमेरिकेच्या कुशीतून, मेक्सिकोच्या आखाताजवळून निघालेला. मग मन पळवाटा शोधायला लागलं, शेवटी सगळे समुद्र एकच ना! पण तळातलं पाणी वर यायला शेकडो वर्षं लागतात, हेही तूच लिहिलं होतंस. नकाशा पलंगाखाली सारला. तो आईच्या हाती लागला. तिने सगळं काढून घेतलं माझ्याकडून आणि एवढंच म्हणाली, तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते.

काल दुपारी गेलो प्रेमाकडे. नकाशा उघडलाच नाही. आखातं दोन आहेत, माझी चूक झाली, लवू शुभाकडे पोचायचा नाही, असं खाली मान घालून सांगून टाकलं. वाटलं, शिव्या देईल, अंगावर धावून येईल. त्याने मला बरंच वाटलं असतं. तिने पदराचं टोक चाचपलं. मग म्हणाली, दत्तारामाला बोलवा, करूया म्हणावं पुतळा. मी उठलो तर मागून हाक मारली. तिचा तुला निरोप आहे, म्हणून हे पत्र. तुला यातलं काही ठाऊकच नव्हतं, हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही, तेव्हा तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो. "अप्पा, शुभाक कळवा, आता शोधू नको म्हणान. थंडीत त्या पाण्याकडे रोज उभी रवत असतली पोर."

तुझाच,
अप्पा