तुराटच्या दारापर्यंत

आईस तुझ्या इसाबेकचा सलाम. अल्लाह तुझे गुडघे सांभाळो. मेंढ्यांना गवत कोण घालतंय?

मी तलासला नीट पोचलो, पण तुराटच्या मातीला पोचलो नाही. घाटात बर्फाचा कडा कोसळला आणि आमची वडापची गाडी दोन दिवस अडकली. पाय थोडे बधिर आहेत, एवढंच.

ड्रायव्हर जोल्दोश म्हणाला, "काका, नमाजच पढणार की फावडंही धरणार?" मी दोन्ही केलं. तरी उशीर झालाच, तुराटला काल दफन केलं.

गाव दिसलं आणि माझा धीर सुटला. बाबा गेले तेव्हा मी आणि तुराट हातात हात घालून, रिवाजाप्रमाणे लांबूनच टाहो फोडत घरी आलो होतो. आज मी एकटा, त्यात थंडीनं आवाज बसलेला. मुक्यानं दारात गेलो असतो, तर तुराटसाठी रडायला कुणी आलं नाही असं झालं असतं.

हे मी जोल्दोशला कसंबसं सांगितलं. त्यानं गाडी थांबवली. "उतरा सगळे. काका, भावाचं नाव काय?"

मग गाडीतली ती परकी माणसं "माझ्या तुराटा, माझ्या भावा" असं ओरडत दारापर्यंत माझ्याबरोबर चालली.

ती सगळी चहा पिऊन गेल्यावर भावजयीनं विचारलं, "ही माणसं ह्यांची कोण?" मी म्हटलं, "भाऊ."

आता घर फार शांत आहे. तू जेवत जा.

तुझा उरलेला एक,
इसाबेक