शहाऐंशी मीटर

सोमवार, १ डिसेंबर २०२५
आज काय झालं, क्रमाने:
१. सकाळी सव्वानऊला रत्नागिरीहून एसटी पकडली.
२. साडेअकराला माडवण्यात उतरले. समोर समुद्र, मागे सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार.
३. गोदाकाकींनी पडवीतली खोली दिली. जेवायला बांगड्याचं तिखलं आणि भात. दोनदा वाढून घेतलं.
४. विनीतला पोहोचल्याचं कळवलं. तो आमच्या पदभ्रमण गटाचा संयोजक.

काम साधं आहे. माडवण्याभोवती मध्यम दमाची पायवाट आखायची. जिथून निघालो तिथेच परत यायचं, पण आलेल्या वाटेने नाही. रविवारी, १४ तारखेला, विनीत बावीस जणांना घेऊन येणार. जेटी, भंडारवाडी, सडा, तळवाडी, पुळण, पुन्हा जेटी. अंदाजे चौदा किलोमीटर, चढ तीनशे दहा मीटर. खिडकीत बसून हे लिहिताना बरं वाटतंय.

मंगळवार, २ डिसेंबर
वाट दाखवायला जानूदादा आले. काकींचे दीर, पूर्वी बोटीवर तांडेल. सड्यावर दोन उभे धोंडे आहेत. पहिल्यापाशी ते थांबले आणि पुढे येईनात. दोन धोंड्यांमध्ये ८६ मीटर सपाट कातळ. खड्डा नाही, झुडूप नाही.

धोंड्यावर चामड्याच्या मोठ्या वहाणा होत्या, तळ भोकं पडेपर्यंत झिजलेला. त्या राखणदाराच्या, असं जानूदादांनी सांगितलं. तो गावाच्या शिवेवरून फिरतो. दर शिमग्याला गाव त्याला नवी जोडी देतं. पालखीसुद्धा शिवेवरून इथवर येते आणि सगळी वाट उलटी चालत परत जाते. तेवढा तुकडा त्याच्या विसाव्याचा. जो फेरी मिटवील, टोकाला टोक जोडील, राखण त्याच्या गळ्यात.

जीपीएसमध्ये हे बसत नाही, म्हटलं. त्या मशिनाला बांगडा कुठे लागतो तेवढं विचारा, मग बघू, म्हणाले.
आलेल्या वाटेने परत. दिवस फुकट.

बुधवार, ३ डिसेंबर
सकाळी पहिल्या धोंड्यावर चुन्याचे बाण काढले. दुपारी पाहिले तर शेणाने सारवलेले. पुन्हा काढले. पुन्हा सारवले.

पर्याय तपासले. सड्याच्या खालून कडा आहे. वरून गेलं तर सहा किलोमीटर वाढतात, तेही डांबरी रस्त्याचे. दोन टोकं जुळल्याशिवाय गटाचं ॲप वाट स्वीकारत नाही. विनीतचे दोन फोन झाले: नकाशा कुठे? काकी म्हणतात, नको गो बाय, अर्धी जा नि अर्ध्यातून परत ये, त्यात काय कमीपणा? सगळे प्रेमाने बोलतात आणि कोणी काम करू देत नाही. ८६ मीटरसाठी दोन दिवस.

गुरुवार, ४ डिसेंबर
एकटी गेले. दुपारी १२.२० ला पहिला धोंडा ओलांडला. ७१ सेकंद लागले. काहीही झालं नाही. जेटीवर पोहोचल्यावर फेरी पूर्ण: १४.०३ किलोमीटर. नकाशा विनीतला पाठवला.

एक नोंद: दुसऱ्या धोंड्यावरून मागे पाहिलं तेव्हा वहाणा जागेवर नव्हत्या.

संध्याकाळी काकी रागावल्या नाहीत. पाय धुऊन आले, तर अंगणातलं माझं ओलं पाऊल त्यांनी सुतळीने मापलं. मी कारण विचारलं नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर
काम संपलं म्हणून ७.१० ची एसटी धरली. तिकीट काढलं. गावाची पाटी दिसली.
त्यानंतरचं आठवतं ते १२.२०. सड्यावर, दोन धोंड्यांच्या मध्ये, चालत. खिशात रत्नागिरीचं तिकीट. जीपीएसवर दुसरी फेरी: १४.०३. एक मीटरही कमी-जास्त नाही. यंत्र बिघडलं असावं.

रविवार, ७ डिसेंबर
यंत्र बिघडलेलं नाही.
काल जानूदादांनी होडीतून बाहेर काढायचा प्रयत्न केला. खाडीचं तोंड ओलांडलं — आणि १२.२०, कातळ. कपडे कोरडे.
आज चार फेऱ्या. बुटाचा तळ फाटला. बसले की पाय आपोआप उठतात.
काकी ताट पडवीच्या पायरीवर ठेवतात आणि हात जोडून मागे सरतात. मला आता 'तुम्ही' म्हणतात. मी ओरडले, मला बाय म्हणा. त्या रडल्या, पण म्हणाल्या नाहीत.

मंगळवार, ९ डिसेंबर
धोंड्यावर नव्या वहाणा. पाच नंबर. माझा.
घालायच्या नाहीत असं ठरवलं होतं. पाय सोलले आहेत — घातल्या. बरोबर बसल्या.
जानूदादा लांबूनच बोलले, डोक्यावरचा टॉवेल काढून. आधीचा राखणदार म्हणजे त्यांचे चुलते. हरवलेला बैल शोधताना फेरी मिटली. दुसऱ्या कोणी मिटवली की पहिला सुटतो. तोवर नाही.
मग मान खाली घालून निघून गेले.

बुधवार, १० डिसेंबर
विनीत, मला आता रेंज फक्त या धोंड्यापाशी मिळते. वहीच्या पानांचे फोटो पाठवते आहे. चालत लिहिते आहे, अक्षर समजून घे.
मी पाठवलेला नकाशा रद्द कर. बावीस जणांपैकी एकानेही ती फेरी पूर्ण केली की मी घरी. हे मला कळतं. दर फेरीला जास्त कळतं. काल मी ते शेणाखालचे बाण — बोटांनी खरवडून मोकळे केले. कधी केले, आठवत नाही. नखांत शेण होतं.
रविवारी यायचं नाही. रद्द केलं एवढंच शुक्रवारी, १२ तारखेला, दुपारी बारापर्यंत कळव. १२.२० च्या आत. तोवर मी स्वतःला आवरेन. त्यानंतर माझा निरोप आला, वाट सोपी आहे, सगळ्यांना घेऊन ये, असा, तर तो मी —