बाबांसोबत अकरा हजार आठशे किलोमीटर

१२ मार्च
बाबा सकाळी गेले. माझ्याकडे राहायला येऊन एकोणीस दिवस झाले होते. दाढी करता करता खाली बसले. बस्स.
दादाचा फोन — "आईला फोनवर काही बोलू नकोस. तिच्या हृदयाचं माहितीये ना? तू आलीस की दोघं मिळून सांगू."
रडू आलं नाही. त्यांच्या गालावरचा साबण पुसला.

१३ मार्च
विमान कंपनीचं मालवाहतुकीचं ऑफिस. "वजन?" — बहात्तर किलो. "पेटीसकट?" — माहीत नाही.
कारकून मान वर न करता सांगत होता. अंतर अकरा हजार आठशे किलोमीटर. आधी चौदा तास, मग सहा तास थांबा, मग आणखी तीन. एकूण तेवीस. कागदपत्रांना चार दिवस. "पेटी आधी जाईल, तुम्ही दुसऱ्या दिवशी."
नाही म्हटलं! त्याच विमानात. तेच एक वाक्य घोकत उभी राहिले. शेवटी त्याने कुणाला तरी फोन लावला. जमलं.

१४ मार्च
आईचा फोन. "जेवले का ते?" — हो. झोपलेत आता.

१५ मार्च
कामावर गेले. घरी बसून काय करणार? एका कवळीचे अठ्ठावीस दात मेणात बसवले. एकही वाकडा नाही. लॅबच्या मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, घरी जा तू." गेले नाही.
आई — "आवाज तरी ऐकव की त्यांचा." म्हटलं, घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय. खोटं किती पटकन सुचतं! "बरं. गरम पाणी दे त्यांना."
फोन ठेवला आणि खरंच पाणी तापवलं. मीच प्यायले.

१७ मार्च, विमानात
समोरच्या पडद्यावर उरलेलं अंतर. ७,३१२. मग ७,२९८. दुसरं काही बघवत नाही.
शेजारच्या आजोबांनी विचारलं, "एकट्याच निघालात?"
"नाही, वडील आहेत बरोबर."
"कुठे बसलेत?"
"खाली."
त्यांनी पायाशी पाहिलं, मग माझ्याकडे. थोड्या वेळाने स्वतःचं पांघरूण माझ्या गुडघ्यांवर टाकलं.

१८ मार्च
थांब्यावर काचेतून पेटी दुसऱ्या विमानात चढताना दिसली. बरोबर आहे ना, तेवढं पाहिलं. रडू तेव्हाही आलं नाही.

१९ मार्च
काल घरी पोचले. पेटी अजून बाहेर गाडीतच होती. दादाने आईला खुर्चीत बसवलं, गोळी हाताशी ठेवली. मी तोंड उघडणार, तर आईच म्हणाली — "मला पहिल्याच दिवशी कळलं गं. दादा माझ्याकडे न बघता निघून गेला ना, तेव्हाच. पण तू तिकडे एकटी, आणि त्यांना घेऊन यायचं होतं तुला. मी हंबरडा फोडला असता तर तुझे पाय उचलले असते का? म्हणून काही माहीत नसल्यासारखं विचारत राहिले, तुझ्या हो ला हो करत राहिले."
मग जवळ ओढलं मला. "आलीस ना? आता रड."