चौथी रंगपट्टी

५ मे, सोमवार
पारनेरला पोचले. कांदा साठवायच्या हवाबंद कोठारातली हवा संगणकावर दाखवायचं काम मिळालं आहे. खोली उजेडाची आहे. व्यवस्थापक सूर्यभानराव स्वतः स्टँडवर घ्यायला आले. कांदा निवडणाऱ्या मालनबाईंनी आग्रह करून डब्यातले शेंगोळे खायला लावले. चार महिन्यांनी पोटभर जेवले.

६ मे
पडद्यावर कोठाराचं चित्र, त्यावर सेन्सरचे आकडे सतत येतात. तापमान, दमटपणा आणि वाऱ्याचा वेग, तिन्हींना तीन वेगळ्या रंगपट्ट्या दिल्या. निळा म्हणजे कमी, लाल म्हणजे जास्त. सूर्यभानराव म्हणाले, एकाच पट्टीत बसवा की म्याडम, लई गर्दी हुती. मी नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही, इथे लिहिते. जानेवारीत एका धान्याच्या टाकीसाठी मी तापमान आणि विषारी वायू एकाच पट्टीवर दाखवले. तापमानाचे आकडे मोठे, वायूचे लहान, म्हणून वायू सगळीकडे निळा दिसला. माझा भाऊ अंगद तिथे कामाला होता. मी फोनवर म्हणाले, सगळं निळं आहे, उतर. तो उतरला.

९ मे
चौथी पट्टी आली आहे. मी दिलेली नाही. तिला नाव नाही, एकक नाही. खाली ०, वर ०.१०. कोठार रिकामं आहे, तरी कोपऱ्यात बसलेल्या माणसाएवढा लाल डाग दिसतो. तो फुगतो आणि आक्रसतो. मिनिटाला सोळा वेळा.

१० मे
पट्टी काढून टाकली, परत आली. मालनबाई आत गेल्या तेव्हा दोन डाग झाले, बाहेर आल्यावर एक उरला. ही श्वासाची पट्टी आहे. श्वास मोजणारा सेन्सर कोठारात नाही.

१२ मे
मालनबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, म्याडम, तुमी भाईर बसून आत कशा बोलता वो? सगळं निळं हाय म्हनता. निळं कुठलं, आपला कांदा लाल हाय! बायका खूप हसल्या. ते शब्द मी इथे कुणालाच सांगितलेले नाहीत.

१३ मे
सूर्यभानरावांना अंगदचं आणि या श्वासाच्या पट्टीचं सगळं सांगितलं. आत कुणाला पाठवू नका म्हणून हात जोडले. ते हळू आवाजात म्हणाले, ताई, दुःखानं असं हुतं, चार दिस घरी जाऊन या. मीच कोठाराला कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात आहे. डाग आता दाराशी सरकला आहे.

१४ मे, सकाळी साडेनऊ
कुलूप जसंच्या तसं. आणि मालनबाई आत आहेत. आणखी दोघी. कशा गेल्या —
कुलूप काढलं. दार हलत नाही. मालनबाई आतून ओरडल्या, तुमीच की फोन केला, आत या म्हनून! माझ्या मोबाईलवर त्यांना केलेला कॉल दिसतो. नऊ वाजून दहा. मी केला नाही. मी —

सूर्यभानराव पहार आणायला पळाले. जाताना पडदा बघून म्हणाले, लाल हाय म्हंजी श्वास चालू हाय, भिऊ नका.

नाही. तीन डाग, तिन्ही लाल, पण ही पट्टी स्वतःच बदलते. असेल तो सगळ्यात मोठा आकडा, त्यालाच लाल रंग. रंग बघायचा नाही. पट्टीचा वरचा आकडा बघायचा. ०.१० होता, आता ०.०८.

दाराशी बसलेला डाग दिसत नाही. कुठे —

०.०५. रंग तसाच.

त्या आत ठोकत होत्या. आता माझाच आवाज येतो, आतून, शांत — सगळं निळं —

०.०३. ऐकू नका त्या आवाजाचं. मालनबाई, मी इथे बाहेर आहे, ही मी —

पहार आली. दार —

०.०१. लाल. तिन्ही लाल.

ठोका. एकदा तरी ठो—